जायकाचा पैसा नेमका येतो कसा, ठरवतं कोण, फेडतं कोण?

केतकी_प

मेट्रो ३ ची बातमी आली की जायका, अटल सेतू आला की जायका, पुण्यात तर मुळा-मुठा शुद्धीकरणाला लोक सरळ "जायका प्रकल्प"च म्हणतात, नागपूरच्या नाग नदीच्या कामातही तेच नाव. ही जपान सरकारची संस्था आहे, जपान इंटरनॅशनल कोऑपरेशन एजन्सी, एवढं माहितीये. पण त्यापुढचं धड कुठे वाचायला मिळत नाही. पेपरात "जायकाकडून अमुक कोटी मंजूर" अशी एक ओळ येते आणि विषय संपतो.

आमच्या ग्रुपवर यावरून दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं जपान आपल्याला मदत करतंय, ०.१ टक्का हे काय व्याज झालं का, जवळजवळ फुकटच. दुसऱ्यांचं म्हणणं मदतबिदत काही नाही, त्यांच्या कंपन्यांना कामं मिळावीत म्हणून दिलेलं कर्ज आहे आणि ते आपल्या पुढच्या पिढीने फेडायचंय. मला दोन्ही अर्धवट वाटतं. कुठला प्रकल्प घ्यायचा हे जपान ठरवतं की आपण? पैसे कोणाच्या खात्यात येतात? काम रखडलं, झाडं तुटली, लोकांची घरं गेली तर जबाबदार कोण? आणि काम झाल्यावर ते परत येऊन बघतात का, की पैसे दिले आणि संपलं? ज्यांनी अशा प्रकल्पात काम केलंय किंवा अभ्यास केलाय त्यांनी जरा विस्ताराने लिहा प्लीज, मोठं झालं तरी चालेल.

लेखाशाखा

मी एका अंमलबजावणी यंत्रणेच्या लेखा विभागात होतो, जायकाच्या कर्जावर चाललेलं काम तिथे बघितलंय, यंत्रणेचं नाव लिहीत नाही. केतकीताई, तुमच्या प्रश्नांपैकी पैशाचा भाग मी सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतील.

आधी हे डोक्यातून काढा की जायका इथे येऊन काही बांधते. ती बांधत नाही. प्रकल्प सुचवायचा आपण. म्हणजे राज्याचं एखादं खातं किंवा महामंडळ प्रस्ताव करतं, तो संबंधित केंद्रीय मंत्रालयाकडून दिल्लीला अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे जातो, आणि तो विभाग जपानपुढे ठेवतो. राज्य सरकार थेट टोकियोला जाऊन कर्ज मागू शकत नाही. मग जायकाचं पथक येऊन तपासणी करतं, त्याला आमच्याकडे सगळे अप्रेझल मिशन म्हणायचे, आणि ते आले की दोन आठवडे ऑफिसात दुसरं काही काम होत नसे. खर्चाचा अंदाज, जमीन कुठवर आली, पुनर्वसनाचा आराखडा, चालवायला माणसं आहेत का, पुढे देखभालीचा पैसा कुठून येणार, असं सगळं विचारतात. त्यानंतर दोन सरकारांमध्ये पत्रांची देवाणघेवाण होते, आणि मग जायका व भारत सरकार यांच्यात कर्जकरार. सही दिल्लीत होते. कर्जदार भारत सरकार असतं, महापालिका किंवा मेट्रो कंपनी नाही. जपानचं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च आहे, त्यामुळे मार्च महिन्यात दोन्हीकडे घाई असते आणि बरेच करार त्याच महिन्यात झालेले दिसतील.

आता पैसा. लोकांना वाटतं करार झाला की रक्कम जमा होते. तसं नसतं. बहुतेक वेळा आधी आपण आपल्या बजेटमधून ठेकेदाराचं बिल द्यायचं, मग त्या खर्चाचा हिशेब, पावत्या, विवरणपत्रं जोडून दावा करायचा. तो दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्याच एड अकाउंट्स अँड ऑडिट कार्यालयाकडे जातो, तिथे तपासला जातो आणि मग जायकाकडे. त्यांना पटलं की येन येतात, ते भारत सरकारकडे जमा होतात आणि रुपयात खाली येतात. मोठ्या कंत्राटात ठेकेदाराला थेट पैसे द्यायचीही पद्धत आहे पण प्रतिपूर्तीच जास्त बघितली.

आणि सगळ्याच गोष्टींना पैसे मिळत नाहीत. जमीन संपादन, कर, आपल्या ऑफिसचा आस्थापना खर्च हे कर्जातून चालत नाही, ते आपलं आपण भरायचं. म्हणून एखाद्या प्रकल्पाची एकूण किंमत आणि जायकाचं कर्ज यात नेहमी फरक दिसतो. मेट्रो ३ चं बघा, सुरुवातीचा खर्च २३,१३६ कोटी होता आणि त्यात जायकाचे १३,२३५ कोटी, म्हणजे साधारण ५७ टक्के. उरलेलं केंद्र, राज्य आणि इतरांकडून.

जायकाचा खरा धाक कुठे असेल तर तो "कन्करन्स" या शब्दात. टेंडरचे कागद तयार केले, त्यांना दाखवा. निविदा उघडून मूल्यांकन केलं, दाखवा. कंत्राट करायचंय, दाखवा. ठरावीक रकमेच्या वरच्या कंत्राटात प्रत्येक पायरीला त्यांची संमती लागते आणि ती नसेल तर त्या खर्चाचा दावाच करता येत नाही. वरून कोणी फोन करून सांगितलं की अमक्याला द्या, तर आम्ही सांगायचो की साहेब, जायकाची कन्करन्स येणार नाही, आणि खरंच सांगतो, ते वाक्य फार उपयोगी पडायचं.

सह्यकडा

लेखाशाखा यांनी इकडची बाजू छान सांगितली, मी तिकडची थोडी सांगतो.

आज जायका म्हणून जी एक संस्था दिसते ती २००८ पर्यंत तशी नव्हती. स्वस्त कर्ज देणारी संस्था वेगळी होती, ओईसीएफ, १९६१ सालची. तज्ज्ञ पाठवणं, प्रशिक्षण हे करणारी जायका १९७४ ची. अनुदानं बरीचशी परराष्ट्र मंत्रालय स्वतः बघायचं. १९९९ मध्ये ओईसीएफचं एका निर्यात-आयात बँकेत विलीनीकरण होऊन जेबीआयसी झाली, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तिथला विकास-कर्जाचा भाग जायकाकडे आला. म्हणजे कर्ज, अनुदान आणि तांत्रिक सहकार्य या तीन गोष्टी एका छपराखाली यायला जपानलाही अर्धं शतक लागलं. त्या काळात सादाको ओगाता अध्यक्ष होत्या, आधी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त होत्या त्याच, आणि टोकियोतल्या खुर्चीपेक्षा त्या त्या देशातल्या ऑफिसात जास्त माणसं आणि अधिकार असले पाहिजेत हा त्यांचा आग्रह होता.

भारतात आपल्याला जायका म्हटलं की कर्जच आठवतं कारण आपल्याकडे तेच जास्त आहे. अनुदान अगदी गरीब देशांना जास्त जातं. तरी आपल्याकडेही आहेत काही, वाराणसीचं रुद्राक्ष सभागृह २०२१ ला सुरू झालं ते अनुदानातलं. तांत्रिक सहकार्य म्हणजे माणसं येणं-जाणं, आपले इंजिनिअर तिकडे शिकायला, त्यांचे इकडे.

पैसा कुठून येतो हे पण महत्त्वाचं आहे. अनुदान आणि तांत्रिक सहकार्य हे जपानी करदात्याच्या बजेटमधून. कर्जासाठी मात्र सरकारने घातलेलं भांडवल, सरकारकडूनच उचललेलं कर्ज, जायकाने बाजारात विकलेले बॉण्ड्स, आणि जुन्या कर्जदारांकडून परत येणारे हप्ते. म्हणजे आपण आज जो हप्ता भरतो तो उद्या दुसऱ्या कुठल्या देशाच्या पाणीयोजनेत जातो. आणि कोणाला काय द्यायचं हा निर्णय जायका एकटी घेत नाही, परराष्ट्र, अर्थ आणि उद्योग अशी तीन मंत्रालयं बसतात, कर्जाला मंत्रिमंडळाची मान्यता लागते. जायका तपासते, शिफारस करते, अमलात आणते. धोरण सरकारचं. १९९८ मध्ये आपण पोखरणला चाचण्या केल्या तेव्हा नवीन कर्जं थांबली ती राजकीय निर्णयानेच, आणि २००१ मध्ये परत सुरू झाली तीही तशीच.

कर्जच का, अनुदान का नाही, असं बरेच जण विचारतात. याला जपानचा स्वतःचा इतिहास आहे. युद्धानंतर जपान जागतिक बँकेचा मोठा कर्जदार होता. १९६४ ला धावलेली पहिली शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, तिच्यासाठी ८ कोटी डॉलरचं कर्ज जागतिक बँकेकडून घेतलं होतं, आणि जागतिक बँकेची सगळी कर्जं फिटायला १९९० साल उजाडलं. फेडायचं असलं की माणूस नीट विचार करून मागतो, ही त्यांची धारणा अनुभवातून आलेली आहे. माझ्या मते त्यात तथ्य आहे, पण ते रस्ता-मेट्रोला लागू पडतं, प्राथमिक शाळेला किंवा दवाखान्याला तितकं नाही.

बाकी जपानने पहिलं येन-कर्ज दिलं ते १९५८ मध्ये, आणि ते भारतालाच.

केतकी_प

दोघांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पण मग त्या कंपन्यांच्या मुद्द्याचं काय? कामं जपानी कंपन्यांनाच द्यावी लागतात हे खरं आहे का?

सह्यकडा

@केतकी_प दोन प्रकार आहेत आणि सगळा घोळ ते दोन एकत्र केल्यामुळे होतो.

साधं कर्ज असेल तर निविदा जगाला खुली. मेट्रो ३ हेच उत्तम उदाहरण आहे. बोगदे खणणाऱ्या भागीदाऱ्या बघा, एल अँड टी बरोबर शांघायची कंपनी, एचसीसी बरोबर मॉस्को मेट्रोस्ट्रॉय, जे कुमार बरोबर चायना रेल्वेची टनेल कंपनी, एका पॅकेजात तुर्कस्तानची डोगुस. गाड्या अल्स्टॉमच्या, म्हणजे फ्रेंच कंपनी, बनल्या आंध्रात. जपानच्या पैशावर चिनी, रशियन, तुर्की आणि फ्रेंच कंपन्यांनी काम केलं. मग जपानी कुठे? सल्लागारांच्या गटात एक जपानी कंपनी होती.

दुसरा प्रकार "स्टेप" नावाचा, २००२ पासूनचा. त्यात व्याज आणखी कमी, मुदत मोठी, पण मुख्य ठेकेदार जपानी किंवा जपानी कंपनीच्या नेतृत्वातली भागीदारी पाहिजे आणि किमान ३० टक्के माल-सेवा जपानची. बुलेट ट्रेनच्या अटी तर खास त्या प्रकल्पासाठी ठरवलेल्या, ०.१ टक्का, ५० वर्षं, पहिली १५ वर्षं मुद्दल नाही, ठरलेल्या खर्चाच्या जवळपास ८१ टक्के कर्ज, पण तंत्रज्ञान शिंकान्सेनचंच. तिथे तुमच्या ग्रुपवरच्या दुसऱ्या तटाचं म्हणणं बरंच बरोबर आहे. ०.१ टक्का व्याज बघायचं आणि दुसऱ्या हाताला स्पर्धाच नाही म्हणून किंमत किती वाढली ते बघायचं नाही, हा हिशेब अपुरा राहतो. व्याजात वाचलं ते गाडीच्या आणि सिग्नलच्या किमतीत गेलं का, हा प्रश्न प्रत्येक बांधील कर्जात विचारलाच पाहिजे.

नदीकाठ

इतका वेळ सगळं वाचत होते. माहिती चांगली आहे पण चर्चा पैशावरच फिरतेय, म्हणून लिहिते.

मराठी माणसाला ही संस्था आज मेट्रोमुळे माहिती झाली, पण आमच्या पिढीने ओईसीएफचं नाव ऐकलं ते सरदार सरोवरामुळे. धरणाच्या वीजघराच्या टर्बाइनसाठी जपानचं कर्ज होतं. जपानमधल्या कार्यकर्त्यांनी नर्मदेच्या खोऱ्यातल्या लोकांना टोकियोला बोलावलं, तिथे परिषद झाली, त्यांच्या संसदेत प्रश्न गेले, आणि १९९० मध्ये जपानने पुढचा पैसा थांबवला. जागतिक बँकेचं कर्ज १९९३ मध्ये संपलं, त्याच्या तीन वर्षं आधी. नंदुरबार जिल्ह्यातल्या पाण्याखाली गेलेल्या गावांना त्याने वाचवलं नाही, धरण आपल्या सरकारने आपल्या पैशावर पूर्ण केलंच. हे मी मुद्दाम सांगतेय. बाहेरच्या सावकाराने हात काढून घेतला म्हणजे न्याय मिळतो असं नाही.

पण त्यातून आणि अशाच इतर प्रकरणांमधून नियम आले हे खरं. आता जायकाची पर्यावरण आणि सामाजिक बाबींची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१० ची आणि मग २०२२ ला सुधारलेली. प्रकल्पांची वर्गवारी होते, अ वर्गात ते येतात ज्यांचा परिणाम मोठा असतो, मोठं विस्थापन, खारफुटी, जंगल वगैरे. अटल सेतू शिवडीच्या चिखलपट्ट्यावरून जातो, फ्लेमिंगो येतात तिथे, त्यामुळे तो त्यातच. मच्छिमारांना नुकसानभरपाई द्यायचं धोरण करावं लागलं त्यामागे कोळी बांधवांचा लढा आहेच, पण कर्जाच्या अटींचा रेटाही आहे.

आणि एक गोष्ट जी फार थोड्या लोकांना माहिती असते. जायकाने आपलेच नियम पाळले नाहीत असं वाटलं तर त्या देशातले बाधित रहिवासी, किमान दोन जण, थेट टोकियोकडे तक्रार करू शकतात. त्यासाठी संस्थेच्या नेहमीच्या कामकाजापासून वेगळे परीक्षक नेमलेले असतात. २०१४ मध्ये म्यानमारच्या थिलावा औद्योगिक क्षेत्रातल्या लोकांनी ती केली, अशी पहिलीच. परीक्षक तिथे गेले, लोकांशी बोलले. निष्कर्ष लोकांना हवा तसा आला नाही, नियम मोडले असं त्यांनी म्हटलं नाही, पण त्यानंतर रहिवाशांशी बोलणी करावी लागली. मोझांबिकमध्ये प्रोसवाना नावाचा मोठा शेती प्रकल्प होता, जपान आणि ब्राझील मिळून, तिथल्या शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षं विरोध केला, शेवटी २०२० मध्ये तो बंद झाला.

माझा राग याच्यावर आहे की आपल्याकडे ही माहिती बाधितांपर्यंत मराठीत पोचतच नाही. आराखडा इंग्रजीत, वेबसाइटवर, शेकडो पानी. ज्या वस्तीवरून तो पूल जाणार तिथल्या बाईने तो वाचायचा कसा? नियम पाळले असा शिक्का बसतो आणि तिला कळत पण नाही की तिच्यासाठी काही नियम होते.

लेखाशाखा

@नदीकाठ ताई, तुमचं शेवटचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आमच्या प्रकल्पात पुनर्वसन आराखड्याचा मराठी सारांश केला होता, तो चार पानांचा, आणि त्या चार पानांत एखाद्याला आपलं घर यादीत आहे की नाही तेवढंही कळलं नसतं.

फक्त एक सांगतो, जबाबदारीच्या बाबतीत. मेट्रो ३ च्या आरेतल्या कारशेडसाठी लोक जायकाला दोष देत होते. जागा कुठली हा निर्णय राज्य सरकारचा होता. २०१९ ला झाडं तुटली, मग काम थांबवलं, २०२० ला कांजूरमार्ग ठरलं, कोर्टाने ते अडवलं, २०२२ ला परत आरे. या सगळ्यात कर्ज देणारा फारतर पत्र लिहितो की वेळापत्रकाचं काय झालं. खर्च २३,१३६ वरून ३३,४०५ कोटी झाला आणि पुढे ३७ हजार कोटींच्या वर गेला. त्यात नुसतं कारशेड नाही, कोविड होता, भूगर्भातल्या अडचणी होत्या, पण उशीर हा उशीरच. जायकाच्या कर्जाचा आकडाही १९,९०० कोटींच्या वर गेला. तो कोणी फेडायचा? आपणच.

नदीकाठ

@लेखाशाखा निर्णय राज्याचा होता हे बरोबर, पण पैसा देणाऱ्याला हात झटकता येत नाहीत. तुम्हीच वर लिहिलंत की टेंडरच्या कागदात एक ओळ बदलायची तरी त्यांची संमती लागते. मग ठेकेदार कोण यासाठी एवढी बारीक नजर आणि झाडं कुठली तुटणार यासाठी "तो तुमचा अंतर्गत निर्णय", हे कसं? संमती रोखायची ताकद जिथे आहे तिथे थोडी जबाबदारी पण आहे.

लेखाशाखा

हे मान्य करावं लागेल. खरेदीच्या बाबतीत ते जितके कडक असतात तितके बाकीच्या बाबतीत मला दिसले नाहीत. एक कारण त्यांना घरूनच चटके बसलेत. २००८ मध्ये व्हिएतनामचं प्रकरण झालं, हो ची मिन्ह सिटीतल्या हायवेच्या सल्लागार कामासाठी एका जपानी कंपनीने तिथल्या अधिकाऱ्याला लाच दिली होती. जपानने व्हिएतनामला नवीन कर्जं काही महिने थांबवली, कंपनीच्या लोकांना जपानच्या कोर्टात शिक्षा झाल्या. तेव्हापासून कंत्राटाचा कागद म्हटला की ते दहा वेळा बघतात.

वि_दे

येनचा मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून लिहितोय, आणि तुमच्या "जवळजवळ फुकट" वाल्या मित्रांना हा जरूर दाखवा.

कर्ज येनमध्ये घेतलं, फेडायचं येनमध्ये, पण मेट्रोचं तिकीट रुपयात. म्हणजे व्याज ०.१ असो की ०.३, चाळीस-पन्नास वर्षांत येन रुपयाच्या तुलनेत कुठे जातो त्यावर खरी किंमत ठरणार. १९८५ मध्ये प्लाझा करार झाला, म्हणजे पाच मोठ्या देशांनी मिळून डॉलर स्वस्त करायचं ठरवलं, तेव्हा डॉलरला २४० च्या आसपास येन मिळायचे, पुढच्या दोन-तीन वर्षांत येन जवळपास दुप्पट महाग झाला, १९९५ ला तर एका डॉलरला ८० येन पण मिळत नव्हते. ज्या आशियाई देशांनी सत्तरीत-ऐंशीत येन-कर्जं घेतली होती आणि ज्यांची निर्यात डॉलरमध्ये होती त्यांचं कर्ज व्याज न वाढता फुगलं. अलीकडे उलटं झालं, २०२२ नंतर येन खूप पडला आणि फेडणाऱ्यांना हलकं गेलं. पण चाळीस वर्षं तसंच राहील यावर कोणी बजेट बांधू नये.

मग हा धोका कोण उचलतं? आधी केंद्र उचलायचं, राज्याला रुपयात ठरलेल्या व्याजाने पैसे द्यायचं. बाराव्या वित्त आयोगानंतर, एप्रिल २००५ पासून, सर्वसाधारण राज्यांना परकीय कर्ज ज्या अटीवर आलं त्याच अटीवर पुढे दिलं जातं, बॅक टू बॅक म्हणतात त्याला. म्हणजे स्वस्त व्याज राज्याला आणि येनची चढउतारही राज्याला. पुण्याची गोष्ट वेगळी आहे. मुळा-मुठाचा प्रकल्प मंजूर झाला तेव्हा ९९०.२६ कोटींचा, कर्ज भारत सरकारने घेतलं, ०.३० टक्के व्याज, ४० वर्षं मुदत, पण महापालिकेला केंद्राने त्यातला ८५ टक्के हिस्सा राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून अनुदान म्हणून दिला, ८४१.७२ कोटी. महापालिकेचा वाटा १५ टक्के. त्यामुळे "जायका पुणेकरांना कर्ज देतंय" हे अर्धंच खरं, पुणेकरांसाठी ते केंद्राचं अनुदान आणि केंद्रासाठी ते जपानचं कर्ज.

अजून एक, ०.१ टक्क्याचे दिवस आता गेले. बँक ऑफ जपानने मार्च २०२४ मध्ये उणे व्याजदर संपवला, त्यांचेच दर चढायला लागले तर जायकाची नवीन कर्जं पण महाग होणारच.

केतकी_प

@वि_दे हे अजिबात माहिती नव्हतं, थँक्यू. पुण्याचं काम मात्र इतकं का लांबलं? करार २०१६ चा ना?

वि_दे

हो, जानेवारी २०१६. अकरा मैलाशुद्धीकरण केंद्रं, ३९६ एमएलडी, म्हणजे रोज ३९६ दशलक्ष लिटर. पण निविदा अंदाजाच्या खूप वर आल्या, रद्द झाल्या, परत अंदाजपत्रक, परत मंजुरी, आणि प्रत्यक्ष कामं सुरू व्हायला २०२२ उजाडलं. त्या सहा वर्षांत मैलापाणी नदीतच जात होतं. इथे प्रत्येक पायरीला तीन दारं आहेत, महापालिका, केंद्राचं मंत्रालय आणि जायका, आणि एका दाराने शंका काढली की कागद परत पहिल्या दारात. पारदर्शकतेसाठी हे हवंच, पण उशिराचीही किंमत असते आणि ती कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते.

सह्यकडा

केतकीताईंचा शेवटचा प्रश्न राहिलाय, काम झाल्यावर बघतात का. बघतात, आणि जायकाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. प्रकल्प पूर्ण झाल्यावर साधारण तीन वर्षांच्या आत मूल्यमापन होतं, १०० कोटी येनच्या वरच्या प्रकल्पांना बाहेरचे तज्ज्ञ नेमतात, आणि शेवटी ए, बी, सी, डी अशी श्रेणी देतात. अहवाल जाहीर असतात, सी आणि डी वाले सुद्धा. किती लोकांना उपयोग झाला, ठरलेल्या खर्चात-वेळेत झालं का, आणि पुढे चालू राहील का, असे निकष.

या शेवटच्या निकषावर आपण मार खातो. अजिंठा-वेरूळच्या जतन आणि पर्यटन विकासाला जपानची कर्जं होती, पहिलं १९९२ चं, दुसरं २००३ चं. त्यातून रस्ते, विमानतळाचं काम, झाडं, लेण्यांचं संवर्धन आणि ती मोठी अभ्यागत केंद्रं झाली. अजिंठ्याचं केंद्र वीज-पाण्याची बिलं थकल्यामुळे बंद ठेवायची वेळ आली होती, तेव्हा पेपरांत आलं होतं ते. बांधायला चाळीस वर्षांचं कर्ज मिळतं, बल्ब बदलायला मिळत नाही. ते आपल्या बजेटमधून येणार हे करार करताना आपण लिहून देतो. त्याउलट घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प घ्या, २५० मेगावॉट, तोही जपानच्या कर्जातलाच, रात्रीची जादा वीज वापरून पाणी वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी सोडायचं. तिथे चालवणारी यंत्रणा आधीपासून ठरलेली होती, विजेला गिऱ्हाईक होतं, म्हणून ते चालू राहतं. पैसा दोन्हीकडे एकाच देशाचा.

अवांतर: आपण फक्त घेतो असं नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयात २०१२ पासून विकास भागीदारीचा वेगळा विभाग आहे, एक्झिम बँकेमार्फत इतर देशांना कर्जं देतो, अफगाणिस्तानात सलमा धरण बांधून दिलं, मालदीवमध्ये माले पुलाला कर्ज आणि अनुदान दिलंय. आणि एक्झिम बँकेच्या कर्जात साधारण ७५ टक्के माल-सेवा भारतीय हवी अशी अट असते. जपानच्या अटींवर बोलताना हेही लक्षात ठेवा. मात्र केलेल्या कामाचं उघड मूल्यमापन आणि श्रेणी, हे आपण अजून त्यांच्यासारखं करत नाही. ते आपण त्यांच्याकडून उचलायलाच हवं.

नदीकाठ

मूल्यमापनाचे अहवाल चांगले असतात, मी वाचलेत. पण ते काम संपल्यावर. ज्याचं घर जातंय त्याला काम चालू असताना माहिती हवी असते. त्याला काय मार्ग?

लेखाशाखा

@नदीकाठ मार्ग आहे. कर्जकरारानुसार अंमलबजावणी यंत्रणेला दर तिमाहीला प्रगती अहवाल जायकाकडे पाठवावा लागतो. त्यात किती कुटुंबं हलवली, किती बाकी, किती तक्रारी आल्या, झाडांचं काय, पैसे किती खर्च झाले, सगळं असतं. तो अहवाल आम्हीच तयार करायचो. माहिती अधिकारात तो मागा, "जायकाला पाठवलेला अमुक तिमाहीचा प्रगती अहवाल, पुनर्वसन आणि पर्यावरणाच्या परिशिष्टांसह" असे शब्द वापरा, आणि अर्ज दिल्लीला किंवा जायकाच्या ऑफिसला न करता अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेच्या माहिती अधिकाऱ्याकडे करा. परकीय सरकारकडून विश्वासाने मिळालेली माहिती आहे असं सांगून कलम ८ खाली नाकारतात कधी कधी, तर अपिलात लिहा की ही माहिती परकीय सरकारकडून आलेली नाही, आपल्या कार्यालयाने तयार करून पाठवलेली आहे. आणि पुनर्वसन आराखड्यात तक्रार निवारण समिती असायलाच लागते, तिच्या बैठकांची इतिवृत्तं त्याच अर्जात मागून घ्या, वेगळा अर्ज केलात तर महिना आणखी जातो.